तिसरी निवडणी आणि भट्टीवरची घंटा

भूमकडं जाऊन बघणार काय, असं मला गल्लीतल्या बायकांनी निघतानाच विचारलं होतं. देवाला चाललेय म्हणावं तर तसं नाही, लग्नाला म्हणावं तर तेही नाही. खव्याची भट्टी बघायला चाललेय म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. आता त्याच बायका रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात आणि 'मग पुढं?' म्हणतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहायला घेतलं. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं, तेव्हा काना-मात्रा मोजत बसू नका. जे बघून माझे डोळे पांढरे झाले ते मात्र खरं खरं सांगते.

आधी आमचं सांगायला पाहिजे. उमरग्यात माझ्या घरामागं पत्र्याचं शेड आहे, तिथं आम्ही बायका शेंगाचटणी करतो. दाणे भाजायचे, पाखडायचे, निवडायचे, लसूण-मिरची घालून कुटायचे आणि पाकिटं भरायची. निवडणं आमच्याकडं तीनदा. पहिल्या दोन निवडण्या पोरी करतात आणि तिसरी माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही. थोरले दीर गेले तेव्हा अक्का दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून बसायच्या. मी त्यांना हाताला धरून शेडमध्ये आणलं, पुढ्यात सूप ठेवलं आणि म्हणाले, "अक्का, पोरींचा काय भरवसा? शेवटची नजर तुमची पाहिजे." तेव्हापासून अक्कांच्या सुपातून उतरल्याशिवाय दाणा पुढं जात नाही.

आता सोलापूरच्या एका मोठ्या दुकानानं दर आठवड्याला माल मागितला. आमचा माल तर कायम उशिरा. माझी सून वैशाली शेडचं सगळं बघते. ती चार दिवस नुसती उभी राहून बघत होती. मग मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "आई, सगळं चांगलं चालतं आणि थोरल्या आईंपाशी येऊन थांबतं. घमेल्यांची रांग बघा. मोठ्या कारखान्यांत एक पद्धत असते, लीन म्हणतात तिला. कामातलं जे फाजील आहे ते हुडकून काढून टाकायचं. आपल्याकडचं पहिलं फाजील म्हणजे तिसरी निवडणी."

मी विचारलं, "म्हणजे अक्का फाजील?"

"मी निवडणीला म्हणाले."

"तू निवडणीला म्हणालीस गं. त्यांना ऐकू काय जाणार?"

मग ती म्हणाली की तिच्या माहेराकडं, भूमच्या अलीकडं, एका खवा-पेढ्याच्या कारखान्यानं ही पद्धत आणलीय. तिथं जाऊन डोळ्यांनी बघू आणि आल्यावर तुम्ही ठरवा, सोलापूरला हो म्हणायचं का नाही. मी कबूल झाले. अक्कांना एवढंच सांगितलं की चला, ताजा खवा खाऊन येऊ. त्या हरखल्या, नवं लुगडं काढलं. ते लुगडं बघून मला गाडीत बसेपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा देववेना.

वाशी

एसटीचं वर्णन करत नाही, एसटी सगळीकडं एसटीच. येरमाळ्याच्या पुढं आमच्या पिशवीतली चटणीची पुडी फुटली आणि मागची सगळी बाकं शिंकायला लागली, तेवढं सांगते. कंडक्टर शिंकत शिंकत म्हणाला, "मावशी, चटणीचं पण तिकीट काढायचं हुतं की!"

आमच्या उमरग्याची काळी सपाट रानं, हैदराबादच्या रस्त्यावरचे ट्रक, तूर आणि हरभरा, ते सगळं मागं पडलं. इकडं माळच माळ, बरड दगड, मधेच गुडघ्याएवढी ज्वारी, आणि डोंगराच्या कण्यावर पवनचक्क्यांची रांग. अक्कांनी खिडकीतून बराच वेळ डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "एवढाले पंखे लावल्यात. लई उकडत असंल गं ह्या लोकांना."

वैशालीचं माहेर वाशीत, मुंबईची नव्हे, भूमच्या अलीकडची वाशी. विहीणबाईंनी शेंगोळे केले होते, हुलग्याच्या पिठाचे, लसणाचा सणसणीत रस्सा. आमच्याकडं पाहुणा आला की गव्हाची हुग्गी शिजते, गोड केल्याशिवाय पाहुणचार झाला असं वाटत नाही. इथं तिखट वाढून वर तळहातावर खव्याचा गोळा देतात. खवा तोंडात टाकला आणि मी अक्कांकडं बघितलं. अक्कांनी डोळे मिटले होते.

पहिला धक्का मला त्याच संध्याकाळी बसला. विहीणबाईंनी दूध काढलं आणि सगळंच्या सगळं कॅनमध्ये ओतलं. चहापुरतं तरी ठेवा म्हटलं, तर म्हणाल्या, "भट्टीला घालून उरलं तर चहाला." शेजारच्या घरातूनही कॅन निघाला, त्याच्या शेजारूनही. आमच्याकडं घरात पिऊन उरलं तर बाहेर जातं. इथं अख्ख्या आळीच्या म्हशी भट्टीच्या नावानं दूध देतात! मी हे नुसतं बघून ठेवलं. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

भट्टी

भट्टी म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं धूर, जळणाचा ढीग, माश्या आणि आरडाओरडा होता. मालक बब्रुवानभाऊ फाटकात घ्यायला आले. पन्नाशीचा, ठेंगणा, हसरा माणूस. त्यांनी चपला बाहेर काढायला लावल्या, नळावर पाय धुवायला लावले, डोक्याला टोप्या दिल्या. दारातून आत पाऊल टाकलं तर समोर देवीचा फोटो, आणि फोटोखाली दोरी बांधलेली चांगली पितळी घंटा.

अक्कांनी काय करावं? चपला काढल्यात, पाय धुतलेत, समोर देवी आहे, घंटा आहे. त्यांनी दोरी धरली, घणघणून घंटा वाजवली आणि डोळे मिटून हात जोडले.

सगळी भट्टी बंद पडली हो! ओळीनं कढया होत्या, त्यांत दूध घोटणारी यंत्रं फिरत होती, ती जागच्या जागी थांबली. शेगड्या विझल्या. पेढे वळणाऱ्या बायकांनी हात वर केले. आतून एक उंच बाई धावत आली, हातात उलथनं. ती भट्टीची मुख्य, नसीमआपा.

"कौन बजाया? कुणी वाजवली? काय झालं?"

अक्का हात जोडूनच उभ्या. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. एका कढईत खवा गोळा व्हायच्या बेतात होता. घोटणं थांबलं तसा तो बुडाला धरला, करपल्याचा वास माझ्या नाकापर्यंत आला. माझ्या शेडमध्ये असं कुणी केलं असतं तर तिच्या सात पिढ्या मी तिथंच उभ्या करून वर काढल्या असत्या.

बब्रुवानभाऊ पुढं आले. अक्कांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं झालं वाजवली, अक्का. काय दिसलं तुम्हाला?"

"देवी दिसली की!" अक्का म्हणाल्या.

तशी नसीमआपा उलथनं पोटाशी धरून हसायला लागली, तिच्या मागं सगळ्याच. करपलेला खवा बाजूला काढला, कढई धुतली, शेगड्या पेटल्या. करपल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी मात्र दारातच थिजले होते. मालाचं नुकसान करणाऱ्या परक्या बाईला मालक म्हणतो, बरं झालं?

मग त्यांनी घंटेचं सांगितलं. काम करताना कुणालाही काही चुकतंय असं वाटलं, दूध नासलंय, वजन हललंय, तर त्या बाईनं दोरी ओढायची आणि सगळ्यांनी थांबायचं. मालकाला विचारायचं नाही. आधी विजेवरचा भोंगा होता, पण भारनियमनात तो मुका व्हायचा, म्हणून तुळजापूरहून घंटा आणली.

"आणि उगीच वाजवली तर?" मी विचारलं.

"उगीच वाजवली तरी पहिला शब्द तोच. बरं झालं वाजवली."

नसीमआपा म्हणाली, "एकदा वरडलं ना मावशी, मंग घंटा नुस्ती शोभेची. पुन्यांदा कोई हात नै लावत."

आत फिरले तर दुसरा धक्का. सगळं रिकामं. दरोडा पडून गेल्यासारखं. भिंतीवर उलथन्याच्या आकाराची रंगवलेली सावली आणि तिच्यावर तेच उलथनं टांगलेलं. झाऱ्याची सावली, त्यावर झारा. एक सावली मोकळी होती. ते उलथनं नसीमआपाच्या हातात होतं, म्हणजे कुठं आहे ते विचारायलाच नको. मला माझ्या शेडमधला सराटा, म्हणजे आमचं उलथनं, आठवला. तो रोज सकाळी हरवतो आणि रोज कुणाच्या तरी नावानं मी शंख करते.

मागच्या खोलीत मोडीत काढायचं सामान होतं आणि प्रत्येकावर लाल चिठ्ठी. जिला वाटेल की ही वस्तू कामाची नाही, तिनं चिठ्ठी लावायची. काही दिवस वाट बघायची, कुणी हक्क सांगितला नाही तर वस्तू बाहेर. फुटकी पातेली होती, गंजलेला तराजू होता, आणि मधोमध एक गादीची ऐटबाज खुर्ची. तिलाही लाल चिठ्ठी.

"ही कुणाची?"

"माझी," बब्रुवानभाऊ म्हणाले. "नसीमआपानं लावली चिठ्ठी. दुधाच्या वाटंत येत हुती."

"आणि तुम्ही लावू दिली?" मी म्हणाले. वैशालीचंही तोंड उघडंच राहिलं.

"दोन दिवस रुसलो," ते म्हणाले, "मग उभं ऱ्हायलो. उभं ऱ्हायल्यावर कळलं की बसून काय काय दिसत नव्हतं."

दारातलं दूध

पेढ्याच्या खोलीबाहेर सतरंजीवर बसवून त्यांनी खव्याच्या पोळ्या वाढल्या, वर साजूक तूप. आमच्याकडं सणाला पुरणपोळी, इथं खव्याची, आणि ती इतकी मऊ की उचलताना मोडते. मी दुसरी घेतली तेव्हा बब्रुवानभाऊंनी स्वतःचीच एक चूक सांगायला घेतली.

पुण्याहून एक सल्लागार आला होता. शिकलेला, चांगला माणूस. त्यानं सांगितलं, माल साठवणं हे फाजील. जेवढी मागणी तेवढंच बनवा. बब्रुवानभाऊंना पटलं. त्यांनी एकट्यानं ठरवलं, कुणाला विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. मागणी कमी असली की फाटकातून दूध परत.

"दूध परत?" अक्का म्हणाल्या. "दारात आलेलं दूध?"

"व्हय अक्का. मीच. ह्या तोंडानं."

नसीमआपा म्हणाली, "बायका कॅन घेऊन उभ्या. म्या म्हणले, भाऊ, म्हशीला कुणी सांगायचं का आज आर्डर न्हाय म्हणून? म्हैस पान्हा सोडायची थांबती का?"

आदल्या संध्याकाळी विहीणबाईंनी चहालासुद्धा न ठेवता भरलेला कॅन माझ्या डोळ्यापुढं आला. इतक्या भरवशानं पाठवलेलं दूध फाटकातून परत गेलं तर घरात काय होत असेल? बायका दोन-तीनदा परत गेल्या आणि मग आल्याच नाहीत. दुसऱ्या भट्टीला लागल्या. दसरा आला, पेढ्याला मागणी आली, आणि भट्टीत दूध नाही. चकाचक शेगड्या, भिंतीवर सावल्या, सगळं आखीव-रेखीव आणि कढया कोरड्या. बब्रुवानभाऊ घरोघरी जाऊन पाया पडले तेव्हा दूध पुन्हा सुरू झालं.

"पद्धत खोटी न्हवती," ते म्हणाले. "ती गाड्या बनवणाऱ्यांची. लोखंड थांबतंय. दूध थांबत न्हाय. नवं काय आणायच्या आधी मी आता एवढंच विचारतो, ह्यातलं काय थांबू शकतं आणि काय थांबत न्हाय. आणि ते एकट्यानं न्हाय विचारत. ज्याचं हात त्या कामात हाईत, त्याच्यासमोर बसून. मग एका कढईवर करून बघायचं. जमलं तर दुसरी."

आता दुधासाठी त्यांनी थंड खोली केलीय. सल्लागाराच्या हिशेबानं ती फाजील, पण गावाच्या हिशेबानं भट्टीचा जीव.

मी विचारात पडले. माझ्या शेडमध्ये काय थांबतं? दाणे थांबतात. काय थांबत नाही, ते मला तेव्हा सुचलं नाही.

तेवढ्यात वैशाली, तिच्या मनात काही नव्हतं हो, बोलून गेली, "आमच्याकडं दाणे तीनदा निवडतात."

"तिसऱ्यांदा काय निघतं?" नसीमआपानं सहज विचारलं.

मी पोळीकडं बघत बसले. वैशालीच्या लक्षात आलं तशी ती गोरीमोरी झाली. तिनं तुपाची वाटी उगीच पुढं सरकवली.

"काय न्हाय निघत," अक्का म्हणाल्या.

"अक्का, तसं नाही..." मी.

"अगं काय न्हाय निघत. आणि निघालं तरी मला कुठं दिसतंय? डोळ्यात मोतीबिंदू हाय दोन दिवाळ्यांपासनं. खडा काय, मला सुपाचा काठ दिसत न्हाय नीट."

मी अशी हादरले की हातातली पोळी ताटात पडली. दोन दिवाळ्या! शेवटची नजर म्हणून ज्यांच्यापुढं घमेली रांग लावून उभी राहायची, त्या अक्का नुसते दाणे हलवत होत्या. चटणी मात्र जातच होती, खाणारे खातच होते, कुणाची तक्रार नाही. वैशाली हळूच पुटपुटली, "म्हणजे आई, तिसरी निवडणी आपल्याकडं बंदच होती."

"अक्का, मला बोलला का नाही?"

"काय बोलू कमल? तू जागा दिली बसायला. उठले असते तर तुला वाटलं असतं, रुसली. म्हणून बसले." मग हातानं चाचपून माझा गुडघा धरला. "आणि तू मला खवा खायला आणलं व्हय गं? मी म्हाताऱ्या डोळ्याची हाय, म्हाताऱ्या डोक्याची न्हाय."

नसीमआपानं तोंड फिरवलं. बब्रुवानभाऊंनी अक्कांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी रडले का? रडले. पण धक्का रडण्यापेक्षा मोठा होता. एका घरात, एका शेडमध्ये बसून दोघी एकमेकींना जपत होतो, आणि मधे दाण्यांची रांग वाढत चालली होती.

परत उमरगा

येताना तुळजापुरात उतरलो. देवीचं दर्शन घेतलं आणि एक घंटा घेतली.

घरी आल्यावर शेडमधल्या सगळ्यांना गोल बसवलं, अक्कांनाही. आजवर मी ठरवायची आणि सांगायची. त्या दिवशी विचारलं. ठरलं असं की तिसरी निवडणी एका घाण्यापुरती, म्हणजे एका वेळच्या भाजणीपुरती, बंद करून बघायची आणि तपासणी शेवटी न ठेवता आधीच, पोतं उघडतं तिथंच करायची. एक घाणा बघितला, मग दुसरा, मग बंदच केली. सोलापूरला हो कळवलं. अक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन आमच्या गावातल्या दवाखान्यात झालं. काळा चष्मा निघाला तशा त्या स्वतःहून पोत्याजवळ जाऊन बसल्या. "हिकडं उजेड चांगला हाय," म्हणाल्या. दाणे थांबतात, अक्का थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

घंटा मात्र नुसती टांगलेली. मी सगळ्यांना सांगितलं होतं की बिनधास्त वाजवा, कुणी रागावणार नाही. कुणी वाजवीना. एकदा सुरेखानं, ती गल्लीतल्याच एका घरची नवी सून, घमेल्याचा वास घेतला, घंटेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून काम करू लागली. अख्ख्या शेडनं इतकी वर्षं माझं तोंड ऐकल्यावर घंटेवर विश्वास कोण ठेवणार?

मग तो दिवस आला. सोलापूरचा माल जायचा होता, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. मी पाकिटं भरण्यात बुडालेली, आणि घंटा वाजली. घणघणून, देवळात वाजते तशी. भाजणी थांबली, कांडप थांबलं. मी चटणीच्या हातांनी धावत आले तर दोरी अक्कांच्या हातात.

"काय झालं अक्का?"

"काय न्हाय."

"काय नाही म्हणजे?"

"वाजती का बघितलं."

बाहेर हॉर्न. माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, सुरेखा तर हातातलं घमेलं तसंच धरून. आणि अक्का बघत होत्या, चांगल्या झालेल्या डोळ्यानं, थेट. मी आवंढा गिळला.

"बरं झालं वाजवली, अक्का."

अक्कांनी घंटेला हात जोडले आणि पोत्याकडं गेल्या. कामं पुन्हा सुरू झाली. मी पाकिटांकडं वळते न वळते तोच पुन्हा घंटा. एकच ठोका, घाबरलेला. मला वाटलं, आता अक्का मला वेड लावणार. वळून बघितलं तर अक्का दाण्यात हात घालून बसलेल्या. दोरी सुरेखाच्या हातात होती.

"मामी, ह्या घमेल्याला कुबट वास येतोय. पोत्यात नव्हता. भाजल्यावर यायला लागला."

मी वास घेतला. येत होता. अख्खं पोतं गेलं, टेम्पो अर्धाच भरला, ड्रायव्हर बडबडत निघून गेला.

"बरं झालं वाजवलीस पोरी," मी म्हणाले. या खेपेला आवंढा गिळावा लागला नाही.

अक्कांनी मान वर केली नाही. सुपातला एक खडा चिमटीत धरून उजेडाला लावला, बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "वाजती की गं."